नऊ वर्षांनी चालू झालेला ट्रॅक्टर

माझा ट्रॅक्टर नऊ वर्षं एका जागी उभा होता आणि त्याबद्दल कुणाचीही काही तक्रार नव्हती.

कुरवंड्याजवळ आमचं भाताचं खाचर आहे. लावणी आमच्याकडे सावडीनं चालते. आज सगळ्या बाया तुझ्या शेतात, उद्या माझ्या. उद्याचा दिवस आमचा होता. लावणीआधी खाचराची चिखलणी झाली नाही तर दिवस हुकणार, मग नंबर थेट शेवटी, आणि तोवर रोपं जून होऊन वाया. हसीना, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "अवो, भाड्याचा ट्रॅक्टर सांगा."

"घरात ट्रॅक्टर असताना? तीस वर्षं फिटर होतो मी."

(बिस्किटांचे पुडे बांधायच्या मशीनवर होतो. पण फिटर तो फिटर.)

चार दिवस खपून मी डिझेलची टाकी धुतली होती, ऑइल बदललं होतं, एअर फिल्टरमधलं उंदरांचं बाळंतपण उरकलं होतं. चिखलणीची लोखंडी चाकंही चढवली. वडगावहून आणलेली बॅटरी लावून चावी फिरवली. ट्रॅक्टर खोकला, काळा धूर ओकला आणि चक्क चालू झाला! शेजारचे दगडूआबा बैल घेऊन चालले होते, तेही थांबले. माझी छाती फुगली.

मग क्लच दाबला. गियर पडेना. करकर करत रेटून घातला, तसा ट्रॅक्टर उधळला. क्लचची प्लेट गंजून चिकटली होती. दाबा नाहीतर सोडा, त्याला सोयरसुतक नाही. घातलेला गियरही निघेना. ब्रेक नावालाच. बांधातल्या वाटेनं मी थेट आबांच्या खाचरात.

"आरं, बंद कर की!" आबा ओरडले.

जुना डिझेल ट्रॅक्टर चावीनं बंद होत नाही, स्टॉपची वायर ओढावी लागते. मी हात घातला, तर वायरच नाही. "हसीना, हितली वायर कुटं गेली?"

"तुमीच न्हाई का काढली? कारल्याच्या मांडवाला बांधलीया."

बांधावर घालावा तर उलटायची भीती. म्हणून डिझेल संपेपर्यंत मी आबांच्या खाचरात गोल गोल फिरत राहिलो. आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. मधेच म्हणाले, "त्यो कोपरा राह्यला बग."

सकाळी सावडीच्या बाया आल्या. आमचं खाचर तसंच ढेकळांचं, आबांचं लोण्यासारखं. बाया सरळ तिकडं वळल्या. हसीनाही पदर खोचून त्यांच्यामागं गेली, माझ्याकडं न बघता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी आबाच आले. "तोंड पाडू नगंस. माजा परवाचा दिवस तू घे. चिखलणी माज्या बैलांनी करू."

उपकार फेडावेत म्हणून म्हटलं, "आबा, बैल मी हाकतो."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग बैलांकडं.

"नगं बाबा. काल त्येंनी सगळं बगितलंय."