काळ्या बनियनवाल्यांवर लावलेली पाळी

सुप्याच्या एमआयडीसीत काम करणारे आम्ही दोघं एका खोलीत राहतो. मी खर्ड्याकडचा, तो नेवाशाचा. मोबाईलवरच्या लढाईच्या खेळाचे सामने आम्ही जेवणाइतक्या नेमाने बघतो आणि कोणता संघ जिंकणार यावर पैज लावतो. पैशाची नाही. पैसा आला की मैत्री नासते असं त्याचं म्हणणं, आणि त्याचं एवढं एकच म्हणणं मला पटतं. हरणाऱ्याने आठवडाभर दुसऱ्याचे कपडे धुवायचे, नाहीतर त्याची कंपनीतली पाळी करायची.

यंदा अंतिम सामना आला शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी आमच्या गावची जत्रा. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच उतरणार होती. घरामागच्या मातीत तिला पहिला डाव मी शिकवलेला. ती कुस्ती मला बघायचीच होती. पण रविवारी माझी पहिली पाळी, रजा नामंजूर, आणि नेवाशाच्या गड्याला नेमकी सुट्टी. म्हणून पैज ठरली. माझा संघ जिंकला तर माझी पाळी तो करणार, हरलो तर त्याचे कपडे मी धुणार. वर मोठेपणा दाखवत त्याने संघ आधी मला निवडू दिला.

त्याची निवड अभ्यासाची असते. कोणता खेळाडू लांबून नेम धरतो, कोण घाईत मरतो, सगळं त्याला तोंडपाठ. मी आजवर जर्सीचा रंग बघून संघ निवडत आलो, आणि कपडे बहुतेक वेळा मीच धुतले आहेत. या वेळी तसली जोखीम नको म्हणून मी आबांना विचारलं. माझे वडील गावच्या हगाम्यात पंच. दोन पोरं समोर उभी करायची, मान बघायची, मनगट दाबायचं आणि तोडीस तोड जोड लावायचा, हे काम गाव डोळे झाकून त्यांच्यावर सोपवतं. संघ स्टेजवर येतानाचा व्हिडिओ मी त्यांना पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"काळ्या बनियनवाल्यांवर लाव. काय मनगटं हायेत एकेकाची! बाकीची पोरं उपाशी दिसत्यात."

एका संघाची जर्सी काळीच होती. मी बिनधास्त त्याचं नाव सांगितलं. नेवाशाच्या गड्याने मला खरंच का म्हणून विचारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सामना सुरू झाला आणि कॅमेरा माझ्या संघावर गेला. चौघंही काडीपैलवान, दोघांना जाड भिंगाचे चष्मे. आबांची ती मनगटं कुठे गेली म्हणून मी शोधू लागलो, तर ती मागे दिसली. काळे टी-शर्ट घातलेले चार धिप्पाड गडी टेबलं उचलत होते, खुर्च्या लावत होते. आबांनी संघ म्हणून स्टेज लावणारी माणसं निवडली होती. नेवाशाचा गडी हसून हसून गादीवर लोळला, आणि माझे चौघे त्याचं हसू थांबायच्या आत गारद झाले.

मी चिडून आबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग त्या खुर्चीवाल्यांनाच खेळवाया पायजे हुतं." राग होता, तरी मला हसू फुटलं. बहिणीने फोन घेतला आणि मी येईपर्यंत थांबते म्हणाली. मी तिला समजावलं की हगामा कुणासाठी थांबत नाही. लहानांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात आणि त्या सगळ्यात आधी होतात. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी, आणि ती सुटली की माणसं धोतर झटकून घरची वाट धरतात.

रविवारी पाळी सुटली तर गेटवर नेवाशाचा गडी गाडी घेऊन उभा. कपडे सोमवारपासून धू, आता मागे बस म्हणाला. सुप्याहून आमचं गाव म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. शिवारात शिरलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि समोरून माणसं परतत होती. एकाने सांगितलं, मोठी कुस्ती सुटली.

तेवढ्यात हलगी कडाडली. आखाड्याच्या मधोमध आबा उभे होते, डोक्याला फेटा, हातात रेवड्यांची पिशवी, आणि शेजारी कुस्ती व्हायची राहिलेली बहीण. दुसरे पंच त्यांच्यावर करवादत होते. मोठी कुस्ती झाल्यावर रेवड्यांची कुस्ती गावाने कधी बघितली नव्हती, त्यामुळे निघालेले लोकही हसत परत बसत होते. मला बघून आबा कडेला आले.

"तिकडला जोड म्या चुकीचा लावला. पोरीनं कशापायी भोगायचं?"

माझे डोळे भरून आले. नेवाशाच्या गड्याने सवयीने दोन्ही पोरी न्याहाळल्या आणि समोरची वजनाला भारी आहे असं कानात सांगितलं. कपड्यांवर पुन्हा पैज लावतोस का म्हणाला. या वेळी मी मनगट बघितलं नाही, मान बघितली नाही. बहिणीवर लावली.

तिने घरामागच्या मातीतला तोच डाव टाकला आणि समोरचीची पाठ मातीला लागली. हलगीवाल्याला चेव आला, आबांनी सगळी पिशवी तिच्या ओंजळीत रिकामी केली. रेवड्या सांडत ती धावत आली आणि मातीने माखलेल्या अंगानिशी मला बिलगली. मग माझ्या शर्टाकडे बघून ओशाळली.

"दादा, ह्यो आता धुनार कोन?"

मी नेवाशाच्या गड्याकडे बोट दाखवलं.