दाराच्या काचेतून

ओझेल मकलेमोर कुणाच्याही दारात गेले की आधी काचेतून आत बघत. मग ठोठावत. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, स्वतःच्या मुलीच्या घरीसुद्धा. त्यांची बायको एर्नेस्टीन म्हणायची, "सरळ आत ये की. इथे कुणाची हजेरी घ्यायचीय तुला?"

ते खरोखरच हजेरी घेत. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बेलफोर्डच्या कॉलेजात काम धरलं. अमेरिकन फुटबॉलच्या संघातली पोरं वर्गात बसली आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. काचेतून डोकी शोधायची, फोनवरून कळवायचं, पुढच्या दाराशी जायचं. आत शिरायचं नाही. पोरांशी बोलायचं नाही. पोरांनी टोपी काढून पुढच्या रांगांत बसायचं, असा कोचचा दंडक होता. दारं वर्गांच्या मागच्या बाजूला होती, त्यामुळे ओझेलना पोरं मानेवरून ओळखू यायची. कुणाची मान रुंद, कुणाच्या मानेवर आईचं नाव गोंदलेलं.

हे काम त्यांना कधी हलकं वाटलं नाही. तरुणपणी तेही इथेच खेळले होते, शिष्यवृत्तीवर. दुसऱ्या हंगामात गुडघा गेला. तोवर ते वर्गात जातात का, हे कुणी विचारलं नव्हतं. गुडघा गेल्यावर ते कुठे जातात, हेही कुणी विचारलं नाही. पदवी राहिली ती राहिलीच. मग जन्मभर त्यांनी लोकांच्या पेट्यांत पत्रं टाकली. त्या वेळी एखादा माणूस वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला असता तर, असं ते म्हणत. आणि वाक्य तिथेच सोडून देत.

आता तो माणूस ते स्वतः होते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी कॉलेजात सगळेच धास्तावलेले होते. आदल्या वर्षी दोन पोरं नापास होऊन मध्येच निघून गेली होती. अशी पोरं गेली की संघाचा अभ्यासातला आकडा पडतो, आणि आकडा पडला की शिष्यवृत्त्या कापल्या जातात. तशा त्या कापल्या गेल्याही होत्या. कोच पोरांना सांगत होता, "तुमच्यातला एक झोपला तर पुढच्या साली कुणाच्या तरी धाकट्या भावाला इथे जागा नाही."

केल्ड्रिक स्टॅम्प्स दुसऱ्या वर्षाला होता. आघाडीच्या फळीत खेळायचा. समोरच्याला रोखून धरायचं, चेंडूला हातही लावायचा नाही, असं त्याचं काम. मोठा, सावकाश मुलगा. नाव त्याचं खेळ-व्यवस्थापनाला घातलेलं होतं, कारण जवळजवळ सगळ्यांचं तिथेच घातलेलं असायचं. तो विषय सरावाच्या वेळेच्या आड येत नव्हता.

ऑक्टोबरात त्याची मान दिसेनाशी झाली. आधी मंगळवारी, मग गुरुवारीही. ओझेलनी गैरहजर कळवलं. मग एक दिवस वरच्या मजल्यावरून जाताना, सवयीने, त्यांनी भलत्याच दाराच्या काचेतून आत पाहिलं. ती मान तिथे होती. पहिल्या रांगेत.

तो वनशास्त्राचा वर्ग होता. प्राध्यापक ओडम डहाळ्या वाटत होते, आणि सगळी पोरं त्या मोडून हुंगत होती. केल्ड्रिक डोळे मिटून हुंगत होता. ओझेल तिथे उभे राहिले. पुढच्या दाराशी जायला त्यांना उशीर झाला.

वर्ग सुटल्यावर त्यांनी नियम मोडला. जिन्यात त्याला थांबवलं.

"तुझा वर्ग खाली आहे, पोरा."

"माहितेय, मिस्टर ओझेल."

"मग इथे काय करतोयस?"

त्याने खिशातून डहाळी काढली, नखाने साल खरवडली आणि त्यांच्या नाकाखाली धरली. "काय येतंय?"

"बदाम," ओझेल म्हणाले. "कडू बदाम."

"रानचेरी. हिला ओळखायला डोळे लागत नाहीत." तो हसला. मग त्याने सांगितलं ते असं. त्याचे आजोबा कागदाच्या गिरणीसाठी पाइन तोडायचे, वडीलही तेच करतात. त्याला तोडायचं नव्हतं, रान राखायचं होतं. ओडम सरांनी नाव न घालता बसू दिलं होतं. खालच्या विषयाची परीक्षा तो पुस्तक वाचून देईल, पास होईल. डिसेंबरपर्यंत, सत्र संपेपर्यंतच. "तोवर सांगू नका. प्लीज, सर."

ओझेल हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

घरी जेवणाआधी त्यांनी एर्नेस्टीनला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "पोरगं वर्गात आहे ना? मग मांड हजर."

"त्या वर्गात नाहीये तो."

"तुझ्या काळी कुठल्याच वर्गात नव्हतं कुणी."

पण ओझेलना खोटं मांडवेना. आणि त्यांना मनापासून वाटत होतं की हे कळलं तर कॉलेजला आनंदच होईल. पोरगं शिकायला धडपडतंय, कुणीतरी वाट काढेल. म्हणून दुसऱ्या दिवशी ते मिस लाव्होनकडे गेले. खेळाडूंच्या अभ्यासाचं त्या बघत. सांगताना ते हसत होते.

मिस लाव्होन हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. खेळत राहायचं तर नियमाप्रमाणे दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा चाळीस टक्के अभ्यास पुरा हवा. आता विषय बदलला तर झालेल्यातलं निम्मंही वनशास्त्रात धरलं जाणार नाही. पोरगं अपात्र ठरेल, एक हंगाम बाहेर बसेल. शिष्यवृत्ती दरसाल नव्याने मिळते. बाहेर बसलेल्याची कोच कशाला नवी करेल? घरी गेला तर आकड्याला आणखी खड्डा.

"आणि इकडे गैरहजेरीने नापास झाला, तरी तेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला वाचवलंत, मिस्टर ओझेल. वेळेवर सांगितलंत."

ओडमना नम्र निरोप गेला: नाव नसलेला विद्यार्थी वर्गात बसवू नये. पुढच्या मंगळवारी ती मान खालच्या वर्गात, पहिल्या रांगेत दिसली. ओझेलनी हजर कळवलं. केल्ड्रिकने एकदा वळून काचेकडे पाहिलं. रागाने नव्हे. दाराशी कोण आहे हे बघतात तसं. नंतर तो कधी वळला नाही, आणि एकदाही गैरहजर राहिला नाही.

वसंतात ओझेल एका दुपारी तळलेला मासा घ्यायला रांगेत उभे होते. पुढे ओडम. त्यांनी त्या मोठ्या मुलाची चौकशी केली. म्हणाले, विभागाकडे एक छोटी शिष्यवृत्ती होती, उन्हाळ्यात सरकारी जंगलात कामही होतं. फुटबॉलच्या शिष्यवृत्तीइतकं नाही, पण भागलं असतं. त्याची वही बघून मी विभागाशी बोललोही होतो. परीक्षा झाली की सांगणार होतो.

"मग सांगितलंत का?" ओझेलनी विचारलं.

"वर्ग बंद झाल्यावर तो भेटायलाही आला नाही पुन्हा. मला वाटलं, मन उडालं असेल."

ओझेल मासा घेऊन घरी आले. तो गार होईपर्यंत गाडीतच बसून राहिले. केल्ड्रिकला हे सांगायला हवं होतं. त्या आठवड्यात त्याला मुख्य अकरांत कायमची जागा मिळाली होती. हंगाम होऊ दे, असं त्यांनी ठरवलं. हंगाम झाला. मग वाटलं, आता सांगून त्याच्या पदरात काय पडणार, नुसती चुटपुट. मग त्याला पदवी मिळाली. संघाचा आकडा चढला होता. कोचने स्टेजवरून ओझेलचं नाव घेतलं, लोक उभे राहिले. एर्नेस्टीनने टाळ्या वाजवल्या. 

केल्ड्रिक बेलफोर्डलाच राहिला. हमरस्त्यावर पिकअप गाड्या विकतो. चांगलं चाललंय. दोन मुली आहेत. मधल्या वर्षांत तो दर शरदात ओझेलकडे यायचा, बरोबर डुकराच्या भाजलेल्या बरगड्या आणायचा. लोकांना सांगायचा, "ह्या माणसाने मला सरळ ठेवलं." तेव्हा ओझेल उठून काहीतरी आणायला आत जात.

या मार्चमध्ये ओझेल गेले. झोपेतच. कॉलेजच्या जिन्यावर जड बूट वाजले की आम्हा इथल्यांना अजून वाटतं, तेच असतील. ते नसतात, हे दर वेळी नव्याने कळतं.

गेल्या शरदातली त्यांची आणि केल्ड्रिकची शेवटची भेट एर्नेस्टीनने सांगितली. दोघं अंगणात बसले होते. ओझेलनी कुंपणालगतच्या झाडाची डहाळी मोडली. ते झाड आपोआप उगवलेलं, त्यांनी कधी कापू दिलं नव्हतं. नखाने साल खरवडून त्यांनी ती केल्ड्रिकच्या नाकाखाली धरली.

"काय येतंय?"

केल्ड्रिकने डोळे मिटले. बराच वेळ हुंगलं.

"बदामासारखं काहीतरी," तो म्हणाला. "नाव माहीत होतं मला, मिस्टर ओझेल. एके काळी पाठ होतं. गेलं बघा." आणि हसून तो नव्या पिकअपबद्दल बोलायला लागला.

ओझेलना नाव माहीत होतं. डहाळी त्यांनी हातातच धरून ठेवली.