आग्नेसबायचा एकुलता एक रोल

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं दर रविवारी एका अंधाऱ्या खोलीत उभी राहिली, की विहिरीत पाझर साचावा तसे ते साचत जातात. माझी अडचण एवढीच, की सांगून झाल्यावर हे खरंच असं घडलं होतं का, अशी शंका मलाच येते. म्हणून पुढचं सगळं मेधाकडून तपासून घेतलं आहे.

आमची खोली वसईजवळच्या होळी गावात, बस्त्यावबाबांच्या केळीच्या वाडीत आहे. बाबांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला, पण ब्लॅक अँड व्हाइट रोल धुण्याची खोली त्यांनी मोडली नाही. मेधा बँकेत आहे, विरारच्या फुलपाड्याहून येते. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, पीएच.डी. वगैरे. म्हणजे तिघांत सर्वांत कमी कळणारा!

*

एकदा मेधाने विचारलं, "सर, शंभर स्पीडची फिल्म घेऊ की चारशेची?"

मी कागदावर आलेख काढला. चारशेची प्रकाश झटकन टिपते, शंभरची सावकाश; कण, तीव्रता, छटा, सगळं समजावलं. वीस मिनिटं गेली. बस्त्यावबाबा शांतपणे ऐकत होते.

"सर, फोटो कुणाचा काढायचाय?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग फिल्म कशी ठरली?"

मी कागदाची घडी घातली. बाबा म्हणाले, "माणूस बघून फिल्म घ्यायची. पटकन हसून पटकन विसरतो, त्याला चारशे. ज्याचं तोंड हळूहळू उघडतं, त्याला शंभर."

मेधाने विचारलं, "आणि आग्नेस आन्टीला?"

"तिची फिल्म अजून कुठल्या कंपनीने बनवलीच नाय!"

आग्नेसबाय म्हणजे बाबांची बायको. अख्ख्या गावाच्या बायका बाबांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, पण ही जन्मात कधी बसली नाही. बाबांना आयुष्यात हवा असलेला तेवढा एकच फोटो राहिला होता.

*

बाबांच्या खोलीत घड्याळ नाही. फिल्म औषधात किती वेळ ठेवायची, हे ते 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणून मोजतात. आठ मिनिटं म्हणजे चोवीस नमो मारिया. दर तिसऱ्याला फिल्मचा डबा उलटा करायचा.

मला हे अशास्त्रीय वाटलं. मी खिशातल्या मोबाइलवर चोरून वेळ लावली. आठ मिनिटं आणि दोन सेकंद! पुढच्या रविवारी पुन्हा लावली. आठ मिनिटं आणि दोन सेकंद! मला मोबाइलचीच शंका यायला लागली.

मेधा म्हणाली, "अंकल, मी माझ्या देवाचं काही म्हटलं तर चालेल?"

"चालेल की. फक्त देव घाईतला नको!"

*

फिल्मवर चित्र उठवणारं औषध म्हणजे डेव्हलपर. ते थांबवायला आम्ल लागतं. मी पुस्तकं चाळून प्रमाण काढलं, पुन्हा पडताळलं, तरी धीर होईना. तेवढ्यात बाबांनी एका बाटलीतून अंदाजाने ओतलं. फिल्म सुरेख निघाली. मी थक्क होऊन विचारलं, "हे कुठलं आम्ल?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

"माझं ताडीचं व्हिनेगर कुनी नेलं? मासळीचं लोणचं काय आता तुमच्या फोटोत घालू?"

*

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा आग्नेसबाय आपण होऊन लाल लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली.

"डोळ्याचं काय सांगावं? काढायचा तो फोटो काढून घ्या. एकदाच हां! परत बसायची नाय."

बाबांनी शंभरची फिल्म घातली. बारा फोटो झाले. ती उठून तांदूळ निवडायला गेली.

ऑपरेशननंतर बाबांना वाकायची, औषधांत हात घालायची मनाई होती. त्यांनी रोल माझ्या हातात दिला.

"सर, तुम्ही धुवा."

मी म्हणालो, "मेधाला द्या. माझ्याकडून काहीतरी होईल."

"तुम्ही घाबरता ना, म्हणून तुम्हालाच. घाबरणारा माणूस जपून काम करतो."

*

मी फारच जपून केलं. बाबांच्या बाटल्यांना लेबलं नसतात. डेव्हलपरच्या गळ्याला एक दोरा, हायपोच्या गळ्याला दोन, म्हणजे अंधारातही बोटांना कळतं. माझा दोऱ्यांवर विश्वास बसेना. आदल्या दिवशी मी स्वच्छ अक्षरात लेबलं लिहून चिकटवली. एकाचं दुसऱ्याला!

चित्र उठवायच्या आधीच मी ते पक्कं करणारा हायपो ओतला. डबा उघडला, तर फिल्म काचेसारखी पारदर्शक. बारापैकी एकही फोटो नाही.

"सर, आधी खाली बसा," मेधा म्हणाली.

ओट्यावर काळा चष्मा लावून बसलेल्या बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे करून ती फिल्म घेतली आणि बोटांनी चाचपली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आग्नेसबाय पाखडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "मी सांगितलेलं, परत बसायची नाय."

*

फिल्मवर जिथे प्रकाश पडतो, तिथे चांदीचे अतिशय सूक्ष्म कण तयार होतात. हायपो बाकीचं सगळं नेतो, पण ते कण कधीकधी मागे राहतात. त्यांच्यावर नवी चांदी चढवता येते. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, करून एकदाही पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझा त्यावर विश्वासच नव्हता.

वालीवच्या एका कारखान्यात माझा जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडून सिल्व्हर नायट्रेट आणलं. आता अंधाराची गरज नव्हती. भर दुपारी ओट्यावर पांढऱ्या थाळीत द्रावण केलं आणि ती कोरी फिल्म त्यात सोडली. मेधा थाळी हलवत होती. मला बघवेना, म्हणून मी केळीकडे बघत होतो.

बराच वेळ गेला.

"सर," मेधा हळूच म्हणाली. "इकडे बघा."

एका चौकोनात तपकिरी धूर धरावा तसं काहीतरी जमत होतं. आधी केस आले. मग कपाळ. मग गाल, आणि त्यात दोन डोळे. बाकीचे अकरा चौकोन कोरेच राहिले. एवढं शिकलो, पण असं काही पाहिलं नव्हतं.

आग्नेसबाय येऊन थाळीवर वाकली.

"आली काय?" बाबांनी चष्म्याआडून विचारलं. "अगं, कशी आलीस?"

ती निगेटिव्ह होती; तिच्यात पांढरं ते काळं दिसतं, फोटो छापला की पुन्हा पांढरं. आग्नेसबायचे पांढरेशुभ्र केस त्यात गर्द उमटले होते.

आग्नेसबाय खूप वेळ बघत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"केस काळे आलेत. लग्नातल्यासारखे." आणि माझ्याकडे वळून, "सर, ह्याचा फोटो छापायचा नाय हां. हीच राहू दे!"