हंबीरतात्या आणि बोटीच्या पोटातलं पाणी

हंबीरतात्यांना रागवायला कारण लागत नाही. पण कारण मिळालंच तर ते वाया जाऊ देत नाहीत. वारणाकाठच्या तळवटवाडीत सकाळचा पहिला आवाज तात्यांचा. तो म्हशीवर असतो. दुसरा नळाच्या बारीक धारेवर, तिसरा पेपरातल्या कुठल्याही बातमीवर. मग चहा येतो. तो गरम असला तर जीभ भाजली म्हणून आणि गार असला तर गार म्हणून, त्याचीही हजेरी घेतली जाते.

यात त्यांचा दोष थोडा. उभं आयुष्य कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीशेजारी गेलं. तिथं ‘जेवलास का?’ हे सुद्धा भांडण काढल्यासारखं विचारावं लागायचं. निवृत्तीनंतर भट्टी तिथंच राहिली, आवाज तेवढा घरी आला. त्यांच्या मंडळी हिराबाई म्हणतात, “वरडत्यात तवर तब्येत हाय. गप बसले की मला घोर लागतोय.”

आणि हिराबाईंना घोर लागावा अशी एक जागा गावात होती. मारुतीच्या देवळापुढं लोखंडी स्टँडवर उभी असलेली बोट. तिथून जाताना तात्या गप व्हायचे.

ही बोट एकोणीसच्या महापुरानंतर आली. मुंबई-पुण्याला गेलेल्या गाववाल्यांनी वर्गणी काढली आणि कोकणात पर्यटकांना डॉल्फिन दाखवून दमलेली एक जुनी फायबरची केबिनची बोट गगनबावड्याच्या घाटानं ट्रॉलीवर चढून तळवटवाडीत दाखल झाली. केबिनला काचा, काचांना पडदे, आत बसायला दोन बाकडी. गावानं तिला ‘खोलीची बोट’ म्हणायला सुरुवात केली. साधी रबरी बोट घ्या, असं काही शहाणे म्हणत होते. त्यांना तात्यांनीच झापलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी, बाळंतिणींनी भर पावसात उघड्यावर भिजत यायचं काय? खोली पायजेच. मग आपत्ती निवारण समितीनं बोट तात्यांच्याच गळ्यात बांधली. चालवायची त्यांनी, निगा ठेवायची त्यांनी आणि शिव्याही त्यांनीच खायच्या.

एकवीसच्या जुलैत पुन्हा पाणी आलं. खालच्या आळीत तात्यांची आत्ती राहते. धोंडुबाई, वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी आली, आणि एका शेळीच्या आणि जिभेच्या जोरावर ऐंशीपर्यंत पोचली. तात्यांनी पहिली खेप नीट केली. दुसऱ्या खेपेला चौघांना घेऊन ते आत्तीच्या स्लॅबकडं निघाले, आणि बोट जड व्हायला लागली. केबिनमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, तरी नाक खाली, शेपूट वर. ओढ्यावर वाकलेल्या म्हशीगत. वळवावं तर सगळं वजन एका अंगाला धावायचं. आत्ती इतकी जवळ होती की तिच्या मांडीवरचा स्टीलचा डबा दिसत होता. तिनं पदर हलवला, हाक मारली. तात्यांनी बोट माघारी वळवली. आतल्या चौघांना बुडवून पाचवी आणणं हा हिशेब कुणालाच जमला नसता. पण ते कळून काय उपयोग? ती रात्र आत्तीनं शेळीला पोटाशी धरून स्लॅबवर काढली. सकाळी बाहेरगावच्या पथकानं तिला रबरी बोटीतनं आणलं. महिनाभर छाती भरलेली होती.

दवाखान्यात तात्या भेटायला गेले तेव्हा ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, “हंबीरा, मी हाक मारलेली तू ऐकलीस का न्हाईस?”

“ऐकली.”

“मग झालं.”

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. फक्त गावात जाहीर करून टाकलं की पुढच्या पुरात ती आपल्या स्लॅबवर बसेल, पण त्या बोटीत पाय ठेवणार नाही. मरायचंच तर वळखीच्या जागेत मरू. हे ती हसत सांगायची, पण ऐकणाऱ्यांना हसता यायचं नाही, कारण धोंडुआत्तीनं शब्द फिरवल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. खालच्या आळीत पाणी तर चढणारच होतं. ह्या वर्षी नाहीतर पुढच्या.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तात्या बोटीखाली उताणे पडलेले दिसायचे. बोट गळते म्हणजे खालनं गळते, एवढं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी बुडाला लांबी भरली, डांबर फासलं, फायबरच्या पट्ट्या चिकटवल्या, दोनदा रंग दिला. मागच्या बाजूचं बूच काढलं की तांब्याभर पाणी यायचं आणि थांबायचं. झालं, म्हणायचे तात्या. आणि बोट हलवली की तिच्या पोटात खुळखुळ. पाण्यानं भरलेल्या शहाळ्यासारखी. त्या आवाजानं तात्यांचं डोकं असं फिरायचं की हातातला ब्रश देवळाच्या पत्र्यावर जायचा. त्यांनी बुडाला शिव्या दिल्या, कोकणाला दिल्या, डॉल्फिनला दिल्या. बोटीनं सगळं ऐकून घेतलं आणि पाणी काही सोडलं नाही.

यंदा एप्रिलात समितीची बैठक झाली. उपसरपंच अमरसिंह, पाण्याच्या टँकरांचा मालक, गोड बोलणारा गडी, म्हणाला की बोट भंगारात द्यावी. उभी राहून जागा खाते आणि मिरवणुकीला अडते.

“मिरवणुकीला?” तात्या उठले. “गेल्या निवडणुकीत ह्याच बोटीत बसून मिरवलास की रं! तवा जागा खात न्हवती ती?”

ते खरं होतं. अमरसिंह निवडून आला तेव्हा बोट ट्रॅक्टरवर चढवून तिच्या टपावर त्याला उभा केला होता आणि दोन जेसीबींनी वरून गुलालाची पोती ओतली होती. गावातली कुत्रीसुद्धा आठवडाभर गुलाबी होती. अमरसिंह हसला, म्हणाला, “तात्या, पावसाळ्याच्या आत बरी करून दावा. न्हायतर मग विकायची.”

तात्यांनी दुसऱ्या दिवशी कागल गाठलं आणि सोमलिंगअण्णांना घेऊन आले. अण्णांचा फायबरच्या टाक्यांचा कारखाना. दोघांची ओळख एमआयडीसीच्या कँटीनमधली, म्हणजे दोन पिढ्यांच्या सोयरिकीपेक्षा घट्ट. अण्णा सीमेकडचे, बोलताना अर्धं वाक्य कन्नडकडं झुकलेलं. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली, बुडावर मुठीनं ठोकत. मागं ठोकलं की टणटण, पुढं नाकाकडं ठोकलं की थबथब.

“हिला दोन तळ हायती की हो,” अण्णा म्हणाले. “बाहेरचा एक, पायाखालचा एक. मधी फोम, आन् आडवे कप्पे. तुमचं बूच मागच्या कप्प्याचं. पुढचं पाणी तिथवर येतंय कुठं?”

मग इतकी वर्षं जे पाणी काढत होतो ते शेजारच्या खोलीतलं होतं, हे ऐकून तात्या बोटीवर ओरडणार होते; पण अण्णांनी ड्रिल हातात घेतलं होतं. नाकाखाली सगळ्यात खोल जागा बघून त्यांनी भोक पाडलं.

पाणी आलं. धार आली, थांबेचना. बघायला अर्धं गाव जमलं, धोंडुआत्तीही काठी टेकत आली, पण लांब देवळाच्या पायरीवर बसली. कुणीतरी धारेखाली बादली सरकवली.

पाणी गुलाबी होतं.

वारणेचं पाणी पुरात तांबडं असतं, एरवी हिरवट असतं, साखर कारखान्याच्या दिवसांत काय असतं ते विचारू नये. पण गुलाबी नदी कुणी बघितलेली नव्हती. तात्या बादलीकडं बघत राहिले. बोट त्या एकवीसच्या पुरानंतर नदीत गेलीच नव्हती. निवडणूक त्याच्या नंतरची. म्हणजे हे पाणी खालनं आलेलं नाही. गुलाल ओतला होता टपावर.

ते टपावर चढले. टपावर फलक होता.

आता ह्या फलकाची कुळकथा सांगायलाच हवी. बोट आली तेव्हा तिच्यावर ‘सौजन्य’ म्हणून देणगीदारांची आणि समितीची नावं असलेला पत्र्याचा फलक लावला. सहा महिन्यांत समिती बदलली, नवा फलक आला, जुन्यापेक्षा हातभर लांब, म्हणून नवी भोकं. मग जिल्ह्याच्या कुणा पाहुण्याचा फोटो टाकायचा राहिला म्हणून तिसरा, आणि निवडणुकीनंतर अमरसिंहाच्या नावाचा चौथा. जुन्या भोकांवर रंग मारला की ती दिसत नसत, आणि दिसत नाही ते नाही, हा समितीच्या कारभाराचा नियमच होता. पावसाळ्यात तात्या बोटीवर ताडपत्री बांधायचे. रातोरात ती निघायची, कारण ताडपत्रीनं फलक झाकला जायचा. पावसाचं पाणी बोल्टांच्या कडेनं टपाच्या दोन थरांत शिरायचं, तिथनं केबिनच्या पोकळ खांबांतून गुपचूप उतरायचं आणि फोममध्ये जाऊन बसायचं. केबिनमध्ये थेंब नाही. बोट नदीत बुडायला निघाली होती ती देवळापुढं उभ्या उभ्या प्यालेल्या पावसानं.

तात्यांनी भोकं मोजायला घेतली आणि मोजायचं सोडून दिलं. खाली बघितलं. सगळी समिती उभी होती, आजी आणि माजी. तात्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. गावानं मनातल्या मनात कान झाकले.

“कोण रं त्यो,” तात्या गरजले, “कुठल्या बिनडोक्यानं पाडली ही भोकं?”

हिराबाईच म्हणाल्या, पदर सावरत, अगदी हळू, “तुमीच की. दर साली. मी शिडी धरत हुते.”

हे खरं होतं. समितीनं सांगायचं आणि तात्यांनी घरचं ड्रिल आणून करायचं. फाउंड्रीतला माणूस, बोल्ट असा आवळायचा की फलक वादळात हलू नये. हलला नव्हताच.

तात्यांच्या आयुष्यात एवढा मोठा राग आणि इतकं जवळचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच एकत्र आले होते. टपावरूनच स्वतःला त्यांनी जे सुनावलं ते छापता येणार नाही. वडलांपासून सुरुवात केली, मग लक्षात आलं की आत्ती ऐकते आहे, म्हणून फाउंड्रीकडं वळले. नंतर पाना मागवला. अमरसिंह पुढं आला. तात्या, फलक तेवढा निदान बाजूला तरी लावता येईल का, असं काहीसं तो बोलत होता. फलकावर सगळ्यात मोठं त्याचंच नाव होतं.

“अमरसिंहा,” तात्या म्हणाले, आणि या वेळी आवाज चढला नाही, म्हणून तो मागं सरकला. “ती म्हातारी रातभर स्लॅबवर बसली. असल्या पत्र्यांपायी. तुझ्या घराच्या भिताडाला लाव ह्यो. मी येऊन ठोकून देतो.”

फलक खाली पडला त्याचा आवाज खालच्या आळीपर्यंत गेला.

पुढचे दिवस मग रागाचे नव्हते, रागारागात केलेल्या कामाचे होते. अण्णांनी पायाखालचा तळ कापला. आतला फोम शिळ्या भाकरीसारखा फुगून बसला होता. तो हातानं ओढून काढला. उसाचा हंगाम संपलेला, म्हणून एका गुऱ्हाळाचा मोठा पंखा मागून आणला आणि बोटीच्या पोटात वारं सोडलं. मे महिन्याचं ऊन वरून फुकट होतं. पार कोरडं झाल्यावर नवा फोम, नवा तळ, प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र बूच आणि वरून झाकणी, आणि टपावरची सगळी भोकं आतून-बाहेरून बुजवून वर अखंड फायबरचा थर. अण्णा जाताना म्हणाले, आता पाणी येणार न्हाई. तात्या म्हणाले, ते मला नका सांगू, तिला सांगा.

ती म्हणजे आत्ती. तिला सांगून पटणार नव्हतं. एका दुपारी ती स्वतःच आली, काखेत परात, परातीत त्याच आठवड्यात वाळवलेल्या कुरवड्या. म्हणाली, ह्या तळाखाली ठेवा. कुरवडीला दमट हवा कळती, माणसाला कळत न्हाय. मग अमरसिंहाला फर्मान गेलं: टँकर आण, टपावर सोड. अमरसिंह निमूट घेऊन आला. आणि तात्यांना तिनं केबिनमध्ये बसवलं, दार लावून.

टँकर संपेतो पाणी टपावर आदळत होतं. आत तात्या बाकड्यावर बसून होते. बाहेरून कुणालाच त्यांचा आवाज येत नव्हता, म्हणून हिराबाई दोनदा काचेतून बघून गेल्या.

मग तळाची झाकणी उघडली. आत्तीनं एक कुरवडी उचलली, कानाजवळ नेली आणि मोडली. टच्. दुसरी मोडली. टच्. तिसरी तोंडात टाकून चावली, आणि काही न बोलता परात घेऊन घरी गेली. तात्या तिच्या पाठीवर ओरडले, “आगं, काय ते सांगून जाशील का न्हाय?” तिनं मागं बघितलं नाही.

जुलैत पाणी आलं. खालच्या आळीच्या पायरीला लागलं तेव्हा तात्या बोट घेऊन सरळ आत्तीच्या दारात गेले. इंजिन बंद केलं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. आयुष्यभर न थांबलेला आवाज नेमका तिथं थांबला.

दार उघडंच होतं. आत्ती उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. कडेला शेळी, आणि शेळीमागं तिची दोन करडं.

“हाक मारलीस का?” तिनं विचारलं.

“न्हाय मारली,” तात्या कसेबसे म्हणाले.

“मला वाटलं मारलीस.” ती उठली, काठी पुढं करून आधी बोटीच्या तळावर ठोकली. टणटण. मग पाय ठेवला. मागोमाग शेळीनं ठेवला, करडांनी ठेवला, आणि एक करडू सरळ बाकड्यावर जाऊन पडदा चघळायला लागलं.

तिथं तात्यांना आवाज सापडला. बोट माणसांसाठी हाय का जनावरांसाठी, पडदा कुणाचा बाप शिवून देणार, म्हातारपणी अक्कल कुठं गहाण टाकलीस, असं ते पार देवळापर्यंत गरजत आले. काठावर उभ्या असलेल्या हिराबाईंनी लांबूनच तो आवाज ऐकला आणि चहा टाकायला घरी गेल्या.