आधी चाळण, मग जातं

बापूशेठ सोनारांनी आमच्या पडवीत पोतं टेकवलं.

"अशी आणखी आहेत. मुंबईची पार्टी पहिल्या बोटीने येतेय. तोवर दळाल तेवढ्या मातीचं काम तुमचं, उरलेली माती ती पार्टी नेणार. आणि एकदा तिकडे गेली की दर साल तिकडेच जाईल."

पावसात मुंबईची बोट बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई. पौर्णिमा जवळच आली होती.

आम्ही झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख आणि सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी दळायच्या, धुवायच्या आणि त्यातलं सोनं काढायचं, हा आमचा धंदा. सासूबाई आणि मी जात्यावर, नवरा मागच्या पऱ्यावर परात घेऊन. वाहत्या पाण्यात माती निघून जाते. सोनं जड, ते तळाशी राहतं.

धुणं भरभर होई. अडायचं दळणाशी. नवरा पऱ्यावरून ओरडे, "जातं झोपलं काय गो?"

"ये, तूच बस खुंटा धरून," सासूबाई म्हणत.

मोठ्या मुठी घातल्या, तर जातं अडलं. जोरात ओढलं, तर मुशींचे तुकडे तसेच बाहेर पडले. त्यांच्यात सोनं अडकलेलं असतं, म्हणून नवऱ्याने ते परत पाठवले. काम दुप्पट झालं.

मग मी जात्यातून काय पडतंय ते बघितलं. राख आधीच पिठासारखी होती. ती दोन दगडांमध्ये गादीसारखी बसे आणि तुकडे तिच्यावरून घसरत.

"आधी चाळू या," मी म्हटलं. "बारीक ते सरळ धुवायला. जात्यात फक्त तुकडे. न फुटलेले पुन्हा चाळायचे, पुन्हा घालायचे."

"आणि बापूशेठला काय सांगशील?" सासूबाईंनी विचारलं.

ही खरी अडचण होती. सोनार बाकड्यावर बसून प्रत्येक मूठ जात्यात जाताना बघत. जात्याबाहेर राहिली ती चोरीची माती, असा रिवाज.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरच चाळण घेतली. ते उठले.

"माती बाजूला काढता?"

"पऱ्यावर चला. धुताना बघा."

"पावसात?"

"छत्री आहे ना तुमच्याकडे."

कुरकुरत आले. नवऱ्याने चाळलेली, न दळलेली राख परातीत धुतली. तळाशी पिवळी रेघ उरली. मग मी त्यांना घरात आणून जात्याचा वरचा दगड उलटा करून दाखवला. त्यावर सोनं माखलं होतं. सोनं फुटत नाही, चपटं होतं. थोडं दगडाला चिकटतं, थोडं पापुद्रा होऊन पाण्यावर तरंगत जातं. हे सोनाराला सांगायची गरज नव्हती.

"इतकी वर्षं माझं सोनं दगडाला पाजलंत?"

"तुमच्याच डोळ्यांदेखत, शेठ."

त्यांनी बाकडं चाळणीपाशी सरकवलं.

बोट लागली तेव्हा पोती रिकामी होती. मुंबईच्या माणसाने चहा घेतला, दोनदा विचारलं, "खरंच संपली?" आणि परत गेला. मातीचं काम आमच्याकडेच राहिलं.

माझ्या हातात काही जास्त जोर आला नव्हता. दळायचं नव्हतं ते दळणं बंद केलं, एवढंच. जातं सतत फिरतंय म्हणजे काम होतंय, असं समजू नये.

सासूबाईंनी शाबासकी दिली नाही. पुढे धाकटी सून आली, तिला त्यांनी चाळण हातात देत सांगितलं, "आमच्याकडे आधी चाळतात. पूर्वीपासून."

मी खुंटा धरला आणि ओढायला लागले.