आईसाठी सांगितलेली मालिका

आईच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला, तेव्हापासून तिला कडेकडेचं दिसायचं आणि मधलं दिसायचं नाही. दारातून आत आलेल्या माणसाच्या चपला, हातातली पिशवी, खांदे, सगळं दिसे. चेहऱ्याच्या जागी मात्र धुकं. नागपूरच्या रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे ती नजर टिकवता येईल, गेलेली परत येणार नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं. खाली येऊन ऑटोत बसल्यावर तिने विचारलं, "म्हणजे टीव्हीचं काय?"

आई एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होती. निवृत्तीनंतर तिचा दिवस ठरलेला होता. सकाळी बुद्धविहारात, दुपारी पेपर आणि संध्याकाळी एकच मालिका. पेपर सुटला. मालिका सोडायला ती तयार नव्हती. तालुक्याच्या गावात वकिली करणाऱ्या एका विधवेची ती गोष्ट होती, आणि कोर्टात तिच्याविरुद्ध उभा राहणारा वकील तिचाच धाकटा दीर होता. घरात आम्ही दोघीच. मी लकडगंजमधल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगचं काम करते. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन आईच्या शेजारी बसायचे.

संवाद ऐकून तिला गोष्ट कळत होती. अडचण होती ती संवाद नसताना. मराठी मालिकेत माणसं किती वेळ नुसती एकमेकांकडे बघत असतात, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

"गाणं वाजून राहिलं, पण कोणी बोलून काहून नाही राहिलं?" आई विचारायची.

"काही नाही, ती त्याच्याकडे बघतेय."

"कशी पाहून राहिली?"

"अशीच."

"अशीच म्हणजे कशी वं? रागानं पाहते का रडून राहिली? मले नीट सांग नं."

मला ते जमायचं नाही. मी सांगेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असायचा, आणि मग दोन्ही हुकायचे.

या मालिकेचा एक चाहत्यांचा ग्रुप होता. आधी फेसबुकवर हजारो लोकांचा, आणि त्यातूनच निघालेला व्हॉट्सअॅपवरचा छोटा. मी त्या छोट्या ग्रुपमध्ये होते. तिथे रोजच्या भागावर चर्चा चाले, प्रोमोचे स्क्रीनशॉट येत, नायिकेच्या साड्यांवर वाद होत. एकच नियम कडक होता: दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाग फोडायचा नाही, कारण काही जण पुनःप्रक्षेपण बघायचे. मी फारसं लिहीत नसे. एका संध्याकाळी ऑफिसात ट्रक उशिरा लागले आणि मी घरी पोचले तोवर मालिका संपलेली. आई वैतागून बसली होती. शेवटी फक्त संगीत वाजलं म्हणाली, आणि एक काचेचं काहीतरी फुटलं.

मी ग्रुपवर लिहिलं, "माझ्या आईला दिसत नाही. शेवटी काय झालं ते कोणी सांगेल का? नियम मोडतेय, माफ करा."

थोड्या वेळाने सांगलीच्या एका बाईंचा आवाजी निरोप आला. "काकू, ऐका हं. ती कपाट उघडते. नवऱ्याचा काळा कोट काढते. वास घेते त्याचा. तेवढ्यात दीर दारात येतो, ती कोट पाठीमागं लपवते आणि हाताचा धक्का लागून फोटो पडतो. फोटो कुणाचा ते दाखवलं नाही. पण दिराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, चोरी पकडल्यासारखं. चोरी तिची नव्हे, त्याची."

आईने तो निरोप पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, "या बाईले सांगता येते. तुले नाही."

त्या दिवसापासून रीतच पडली. मूक प्रसंग आला की भाग संपताच कोणी ना कोणी आईसाठी सांगायचं. बहुतेक वेळा सांगलीच्या बाई, कधी मस्कतमध्ये राहणारे एक इंजिनिअर, कधी ठाण्याचा एक व्हिडिओ संपादक. भाग फुटू नये म्हणून त्यासाठी वेगळा ग्रुप निघाला. मग आईला उत्तरं द्यावीशी वाटू लागली. बटण दाबून धरून बोलायचं, सोडलं की जातं, एवढं तिने हाताने ओळखून ठेवलं. दिसत नसल्यामुळे ती बाकीच्यांना न ऐकू येणाऱ्या गोष्टी ऐकायची: पैंजण एका भागात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, कोर्टातला पंखा घरातही तसाच करकरतो, म्हणजे तोच पंखा.

एकदा दिराच्या कोर्टातल्या प्रवेशावर ती बोलली. "हा एवढा हळू काहून चालून राहिला? ठक, ठक, ठक. अवं, याची तारीख आहे का बारात आहे? एवढ्या वेळात माणूस इतवारीत जाऊन गंज घेऊन परत येते!"

ग्रुपवर हसून हसून सगळे लोळले. मस्कतच्या इंजिनिअरांनी विचारलं, गंज विकत कशाला आणायचा, तो तर आपोआप चढतो. मग मी समजावून सांगितलं, की इतवारी म्हणजे आमचा बाजार आणि गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.

काही दिवसांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने फोन पुढे केला. "हे पाह्य, भारी आहे." पडद्यावर तो दीर कोर्टात चालत येत होता आणि वरून आईचा आवाज होता. ठक, ठक, ठक. माझा घास हातातच राहिला. ठाण्याच्या संपादकाने तिचा आवाज त्या दृश्याला जोडून एका विनोदी पानावर टाकला होता, आणि तो कुठल्या कुठे गेला होता. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. बऱ्याच जणांना आवडलं होतं. पण काहींनी लिहिलं होतं, ही कुठली भाषा, हिला कोणी मराठी शिकवा, गावठी म्हातारी.

आईला सांगावं की नाही, हे मी ठरवण्याआधीच तिला कळलं होतं. विहारातल्या एकीच्या सुनेने तिला तो व्हिडिओ ऐकवला होता.

"लोकांनी खाली काय लिहिलं ते वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. "खूप हसलो." "आजी एक नंबर." "असली आजी आम्हालाही हवी."

"आता वाईट वाच."

"कशाला आई?"

"वाच म्हणते नं."

मी वाचलं. ती मांडीवरच्या नॅपकिनची घडी घालत राहिली, उलगडून पुन्हा घालत राहिली. त्या संध्याकाळच्या भागानंतर तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "आजचा भाग मला चांगला वाटला. नायिकेने आपली बाजू योग्य प्रकारे मांडली, असे माझे मत आहे. धन्यवाद."

हे तिचं ऑफिसातलं मराठी होतं, जन्मभर साहेबांसाठी टाइप केलेलं. पुढचे काही दिवस ती तसंच बोलत होती. निरोप लहान झाले. पंखा, पैंजण, काही नाही. ग्रुपवर कोणाला कळेना. अखेर सांगलीच्या बाईंनी विचारलं, "काकू, बरं नाही का? अशा का बोलताय? नेहमीसारखं बोला की."

आईने फोन माझ्याकडे सरकवला. मीच लिहून टाकलं की काय झालं ते. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि सकाळीच ठाण्याच्या संपादकाचा फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"काकू, चुकलं माझं. मी कौतुकानेच केलं होतं. लोक असं लिहितील असं वाटलं नाही. मी तो काढून टाकलाय, पण लोकांनी पुढे पाठवलेत ते माझ्या हातात नाहीत."

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर मी आणखी चांगलं बोलली असती," आई म्हणाली. "खोकला होता मले त्या दिवशी. बोलता बोलता मधात खाकरली, तेही तू तसंच ठेवलं."

तो हसावं की नाही अशा आवाजात हसला. आई हसली नाही. "आता एक काम कर," ती म्हणाली. "दर गुरुवारी तू सांगायचं. दुसऱ्या कोणी नाही."

तो गुरुवारी सांगू लागला आणि फार वाईट सांगू लागला. कॅमेरा डावीकडून येतो, मग चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, मागचं धूसर होतं. आईने त्याला थांबवलं. "कॅमेरा कुठं आहे ते मले नको सांगू गा. माणूस कुठं आहे ते सांग." हे बोलताना ती पुन्हा घरचं बोलत होती, हे तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

मग मालिकेची वेळ बदलली, साडेसातची सहाला आणली, आणि ग्रुपमधल्या जाणत्यांनी सांगितलं की हे बंद होण्याचं लक्षण. झालंही तसंच. आम्ही वाहिनीच्या पानावर विनंत्या लिहिल्या, सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी. वाहिनीने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि शेवटच्या भागाची जाहिरात सुरू केली.

शेवटचा भाग सगळ्यांनी एकत्र बघायचा ठरलं. म्हणजे आपापल्या घरी टीव्ही लावायचा आणि फोनवर सगळ्यांनी एकाच कॉलवर राहायचं. मी ऑफिसातून लवकर निघाले. आईने धुतलेली साडी नेसली होती, जणू कोणी घरी येणार होतं. खटला संपला, नायिका जिंकली, कोर्ट रिकामं झालं. मग संगीत सुरू झालं आणि संपेचना. आतापर्यंत आलेला सगळ्यात लांब मूक प्रसंग होता तो. फोनमधून कोणाचाच आवाज येत नव्हता. मीही नुसती पडद्याकडे बघत होते.

"कोणी तरी बोला नं," आई म्हणाली. "मले कुठं दिसून राहिलं?"

तेव्हा ठाण्याचा संपादकच आधी बोलला. "काकू, दोघं बाकावर बसलेत. मधे जागा सोडून. दोघांचे काळे कोट मधल्या जागेत ठेवलेत."

"एकावर एक," सांगलीच्या बाई म्हणाल्या. त्यांचं नाक भरलेलं होतं.

"तो तिच्याकडे बघत नाहीये," मस्कतहून आवाज आला. "ती बघतेय."

"तो उठला. स्वतःचा कोट घेतला."

"नाही, तिचा घेतला, आणि झटकून तिच्या हातात दिला."

"म्हणजे माफी मागितली," मी म्हटलं.

"माफी नाही मागितली," आई म्हणाली. "हरलेला माणूस आहे तो. चांगला वागला, एवढंच." तिथून जो वाद सुरू झाला तो पडद्यावरची शेवटची नावं सरकून गेली, जाहिराती लागल्या, बातम्या सुरू झाल्या तरी चालूच होता. आईने तिचं म्हणणं अजून सोडलेलं नाही.

मालिका संपल्यावर बाकीचे दोन्ही ग्रुप ओस पडले. कोणी दुसऱ्या मालिकांकडे गेलं, कोणी न सांगता बाहेर पडलं. आईसाठी निघालेला आमचा ग्रुप मात्र राहिला. हिवाळ्यात सांगलीच्या बाई नात्यातल्या लग्नासाठी नागपूरला आल्या आणि आम्हाला भेटायला आल्या. त्या दारात बोलल्या तशी आईने आतूनच ओळखलं. कडेकडेच्या नजरेने तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाप्पा, एवढी बारीक! आवाज तर चांगला भरदार आहे तुझा."

त्यांना गंज घ्यायचाच होता, दुसरं काही नको, म्हणून आम्ही तिघी इतवारीत गेलो. गल्लीत हातगाड्या, टेम्पो, धक्के. बाईंनी आईचा दंड धरला होता आणि सवयीने सांगत होत्या, काकू, समोर टेम्पो उलटा येतोय, उजवीकडे कापडाचं दुकान आहे, पायरी आहे.

"हे मले माहीत आहे," आई म्हणाली. "मी लहानपणापासून येऊन राहिली इथं. तू गुमान चाल."

मग तिनेच त्यांना भांड्यांच्या दुकानापर्यंत नेलं आणि बोटाने टिचकी मारून गंज निवडून दिला.

आता त्याच वेळेला दुसरी एक मालिका लागते. आईला ती अजिबात आवडत नाही. तिच्यातली माणसं सारखी बोलतात, कोणाला काही सांगायला जागाच उरत नाही, असं तिचं म्हणणं आहे. ती रोज ऐकते आणि संपली की बटण दाबून ग्रुपवर नावं ठेवते. ठाण्याचा संपादक अधूनमधून विचारतो, "काकू, हे बाहेर टाकू का?" आई कधी हो म्हणते, कधी नाही.