तीन नंबरच्या पिंपातला आंबा

माझ्या आत्याइतकं झाडांना धाकात ठेवणारं माणूस अख्ख्या लालबागेत दुसरं सापडणार नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळात तिनं तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली. नावाजलेल्या सर्जनांना ती ज्या स्वरात "आधी कात्री खाली ठेवा, मग बोला" असं सुनवायची, त्याच स्वरात निवृत्तीनंतर गच्चीवरच्या आंब्यांशी बोलू लागली. आमच्या बिल्डिंगीत तिची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याला लागून. तिथे सहा निळ्या पिंपांत तिनं सहा आंबे लावले होते. झाडांना नावं नव्हती, नंबर होते. "तीन नंबरला बरं नाही," असं तिनं सकाळी दारात येऊन सांगितलं की माझी बायको सवयीनं "अगं बाई, ताप आहे का?" असं विचारायची आणि आत्या तितक्याच गंभीरपणे "नाही, पानं वळलीत" म्हणायची.

मार्चमध्ये बिल्डिंगीतल्या बायका मसाल्याच्या मिरच्या वाळवायला गच्चीवर जायच्या, तेव्हा तर युद्धच असे. मिरचीच्या खाटानं कोवळ्या कैऱ्यांना ठसका लागतो आणि त्या गळतात, असं आत्याचं ठाम मत होतं. मी शाळेत शिक्षक असल्यामुळे, हे शास्त्रात कुठं लिहिलंय, असं एकदा विचारलं. "तू भूगोल शिकवतोस ना? मग भूगोलच शिकव," असं उत्तर मिळालं. त्यानंतर मिरच्या गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात आणि पिंपं पूर्वेच्या, अशी सीमारेषा तिनं स्वतः खडूनं आखली. खडू माझ्याच खिशातला होता.

तिचा खरा ध्यास होता एक नवा आंबा जन्माला घालण्याचा. एक नंबरच्या पिंपात हापूस होता. तीन नंबरमध्ये होता आजोबांच्या गावच्या रायवळ झाडाच्या कोयीतून वाढवलेला आंबा, धागेदार पण इमानी, दरवर्षी लागणारा. हापूस मूडी, त्यात त्याच्या गरात साका, म्हणजे पांढरट स्पंजासारखा डाग, धरतो. "दोघांचं जुळवून दिलं, तर पोरगं शहाणं निघेल," असं ती म्हणायची. मोहोर आला की सकाळी सातला ती भिंग, चिमटा आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन स्टुलावर बसे. हापूसच्या मोहरीएवढ्या फुलातला पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचा, रायवळाचा पराग ब्रशनं लावायचा आणि वर गॉजची पिशवी बांधायची. चार वर्षं काहीच हाती लागलं नाही. पाचव्या वर्षी पिशवीतली एक कैरी, एकच, मेपर्यंत टिकली. ती पिकल्यावर आत्यानं गर आम्हाला वाटून टाकला. तिला कोय हवी होती.

जूनमध्ये त्या कोयीला कोंब आला. तांबूस पानांचं ते रोप आत्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. दुसरा पावसाळा येईतो ते हातभर उंच झालं, वर दोन शेंडे फुटले. आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी तिनं मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "वर ये. आताच्या आता."

रोप माना टाकून उभं होतं. आत्यानं माती बोटानं बाजूला केली. बुंधा जमिनीलगत काळा पडून कुजला होता, सालीला बोट लावलं तर ती सुटून येत होती.

"मूळ गेलं," ती म्हणाली. "शेंडे अजून जिवंत आहेत. उद्यापर्यंत तेही जातील. दोन काड्या निघतील. त्यांचं तीन नंबरवर कलम बांधायचं."

"मग बांध ना. पटकन."

ओट्यावरचं सर्जिकल ब्लेड तिनं उचललं आणि माझ्यासमोर धरलं. ब्लेडचं टोक हलत होतं. तिनं मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरलं, तरी हलत राहिलं. गेले कित्येक महिने ती चहा अर्धाच ग्लास का घेते, हे मला त्या क्षणी कळलं. आम्ही समजत होतो, साखर कमी केली असेल.

"कधीपासून?"

"ह्यो हात आता माझो रवलो नाय," ती म्हणाली. आत्या मालवणीत बोलायला लागली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "तू काप."

मला टोमॅटो कापताना बोट कापून घेण्याची सवय आहे. हे तिला ठाऊक होतं. पण दुसरं कोणी नव्हतं आणि शेंडे आमच्या डोळ्यांदेखत मलूल होत होते. आम्ही गच्चीवर गेलो. पाऊस थांबला होता. तीन नंबरची पेन्सिलीएवढी एक फांदी तिनं दाखवली. मी ती कापली आणि मधोमध चीर दिली, तेवढं जमलं. मग पहिल्या काडीची पानं खुडून तिला दोन्ही बाजूंनी तिरपी छाट द्यायची होती, पाचरीसारखी. माझं ब्लेड अडकलं, मी जोर केला आणि काडी मधोमध चिरली.

मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. थिएटरमध्ये तिनं भल्याभल्यांना याहून कमी चुकीसाठी बाहेर काढलं असणार.

"दुसरी घे," ती शांतपणे म्हणाली. "भिया नको. खरवडू नको. एका दमात खाली ओढ."

"ही पण गेली तर?"

"तर गेली. हात सैल सोड. श्वास सोडताना काप."

श्वास सोडला आणि ओढलं. काप कागदासारखा सपाट आला. काडी उलटवून दुसरा काप दिला. चिरेत घातली. "सालीला साल लाव. डावीकडे. जरा आणखी. पुरे." प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळताना माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता; तिनं आपल्या पदरानं तो टिपला, सर्जनचा टिपतात तसा. वरून पातळ पिशवी चढवून मी दोरा बांधला.

पुढचे तीन आठवडे मला गच्चीवर यायची बंदी होती. "सारखं बघितलं की दडपण येतं त्याला," असं कारण. ती स्वतः मात्र दिवसातून चार वेळा जायची, हे जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून सगळ्या बिल्डिंगीला कळत होतं. मी वर्गात नद्या शिकवताना मध्येच थांबायचो. बाविसाव्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत तिचा मेसेज आला: "डोळा फुटला." दोन मिनिटांनी दुसरा आला, "कलमाचा."

त्या महिन्यात ती पहिल्यांदा हात दाखवायला डॉक्टरकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या, थरथर थोडी कमी झाली, थांबली नाही. गच्चीचा जिना हळूहळू सुटला. आता मोहोराच्या दिवसांत ब्रश माझ्या हातात असतो आणि ती फोनवरून सूचना देते.

गेल्या मेमध्ये त्या फांदीला पहिला आंबा आला. आढीत पिकवला. आत्यानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कारण चारचौघांत आता तिला चमचा धरवत नाही. मी फोडी करायला सुरी घेतली, तर म्हणाली, राहू दे. जन्मभर काट्यानं फोडी खाणाऱ्या माझ्या आत्यानं तो आंबा दोन्ही हातांत धरून चोखून खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"साका नाही," ती म्हणाली. मनगटावरचा रस चाटून म्हणाली, "धागा आहे थोडा. गोड आहे."

कोय तिच्या तळहातावर होती आणि हाताबरोबर ती सारखी हलत होती. खाली पडेल म्हणून मी माझा हात तिच्या हाताखाली धरला.

"रवांदे," ती म्हणाली.

मी हात काढून घेतला. कोय पडली नाही. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसून राहिलो.